पंचेचाळीसचा वेग

लिबार्दोने टॉवेलात गुंडाळलेली पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ओफीर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला राजमा निवडत बसली होती. तिने मान वर करून त्याला बसायला सांगितलं आणि पुन्हा खडे शोधू लागली. राजम्यात खडे नव्हते. हल्ली पाकिटातून येतो तो स्वच्छच असतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण हाताला काम असलं की समोरचा माणूस फार बोलत नाही, एवढं गेल्या सात महिन्यांत तिच्या ध्यानात आलं होतं.

पेटी म्हणजे प्रीअँप. टर्नटेबलची सुई तबकडीतून जो आवाज उचलते तो इतका क्षीण असतो, की त्याला बोटाला धरून अॅम्प्लिफायरपर्यंत नेणारं कुणीतरी मध्ये लागतं. ते काम या पेटीचं. आकाराने बिस्किटांच्या डब्याएवढी, आणि रूपानेही तशीच. ओफीरच्या नवऱ्याने, आल्देमारने, ती फेब्रुवारीत सांगून ठेवली आणि मार्चमध्ये तो गेला. लिबार्दो प्रत्येक पेटी स्वतःच्या हाताने जोडायचा, मनासारखी झाली नाही की उसवायचा, पुन्हा जोडायचा. कोलंबियातल्या अख्ख्या काली शहरात त्याच्याइतका चांगला आणि त्याच्याइतका रेंगाळणारा कारागीर दुसरा नसेल. ऑक्टोबर उजाडला तेव्हा कुठे त्याने फोन केला आणि अदबीने म्हणाला, की दोन्या ओफीर, पेटी तयार आहे, आता काय करायचं?

काय करायचं ते ओफीरच्या मुलीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगी स्पेनमध्ये असते, दर रविवारी फोन करते आणि आईला एकच प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी विचारते, की रडलीस का? ओफीर रडली नव्हती. दफनाच्या दिवशी नाही, नऊ दिवसांच्या प्रार्थनेत नाही, त्यानंतरही नाही. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला वाटेनासा होतो, तसं तिला सगळ्याच बाबतीत झालं होतं. घरातल्या अडीच हजार तबकड्या आणि ती यंत्रं आल्देमारच्या दोस्ताला, फानोरला, देऊन टाकते म्हणाली, तेव्हा मुलीने तिच्याकडून शब्द घेतला. पप्पा त्या पेटीची वाट बघत होते. ती येऊ दे, जोडून एकदा ऐक. तरीही काहीच वाटलं नाही, तर दे खुशाल.

काही वाटणार नाही, याची ओफीरला जवळजवळ खात्री होती. तरी एवढी एकच गोष्ट करून बघायची राहिली होती. नंतर करून बघायला काही उरणार नव्हतं, आणि त्याची मात्र तिला भीती वाटत होती.

फानोर बरोब्बर चारला आला. फराल्योनेस डोंगरावरून वारा सुटायची वेळ, सगळी ओब्रेरो वस्ती खुर्च्या दारात ओढत होती. हा आल्देमारचा पन्नास वर्षांचा दोस्त, ओफीरच्या मुलीचा धर्मपिता आणि आल्देमारच्या खालोखाल या भागातला मोठा संग्राहक. खालोखाल असल्याचं त्याने कधी मनापासून मान्य केलं नाही, ती गोष्ट वेगळी. येताना त्याने कागदी पिशवीत गरम पांदेबोनो, म्हणजे चीजचे गोल पाव, आणले होते आणि गाडीत मागे बारा रिकामी खोकी.

"कोमाद्रे, घाई नाही हं," तो म्हणाला; धर्मकन्येच्या आईला तो याच नावाने हाक मारी. "खोकी अशीच आणली. गाडी रिकामी येत होती म्हणून."

"तुझी गाडी कधी भरलेली येते?" ओफीर म्हणाली. बोलायची सवय होती म्हणून बोलली. फानोर मात्र खूश झाला. ही टोमणा मारतेय म्हणजे सावरली, असं त्याला वाटलं असावं.

लिबार्दोने जुना प्रीअँप काढून नवा जोडला. आल्देमारची एक रीत होती. कुठलंही यंत्र घरात घ्यायचं तर आधी तीन तबकड्या लावायच्या, आणि ऐकायचं ते यंत्रासमोर बसून नाही, तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. समोर बसलं की माणूस यंत्राची भीड धरतो, असं तो म्हणे. त्याच्या कानाला सगळं ओब्रेरो मानायचं. तबकडी खरी की नंतर छापलेली, सुई झिजली की वजन चुकलं, दोन माणसांत वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा. त्यामुळे आज ओफीरला स्वयंपाकघराच्या दारात उभं करण्यात आलं. चाळीस वर्षं त्या दारातून ती कॉफीचे कप घेऊन ये-जा करत आली होती, पण ऐकायला म्हणून तिथे कधी थांबली नव्हती.

पहिली तबकडी बोलेरोची. मग एक तुतारीवाली. दोन्ही तेहतीसच्या वेगावर, म्हणजे पाकिटावर लिहिलंय त्या वेगावर. लिबार्दो जुना आणि नवा प्रीअँप आलटून पालटून लावत होता आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत होता. नव्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. बोटं तारेवरून घसरल्याचा आवाज येत होता. जुन्यात हे सगळं एकात एक कालवलेलं असे. फरक तिला कळला. खिडकी पुसल्यावर बाहेरचं स्वच्छ दिसावं तसं कळलं, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"कसं वाटतंय?" लिबार्दोने विचारलं.

"चांगलं आहे."

"म्हणजे?"

"चांगलं म्हणजे चांगलं. स्वच्छ आहे."

लिबार्दोचा चेहरा पडला. आठ महिने एका पेटीला दिल्यावर माणसाला याहून थोडं जास्त लागतं. फानोरने पांदेबोनोचा तुकडा तोंडात टाकून खांदे उडवले. तो पेटीला वाईट म्हणाला नाही. पण चांगलं म्हणायचीही त्याला घाई नव्हती.

तिसरी तबकडी ती नाचाची. या गावाची एक खोड आहे आणि गावाला तिचा अभिमान आहे. न्यू यॉर्कहून आलेल्या तेहतीसच्या तबकड्या इथल्या पोरांना एके काळी संथ वाटल्या, म्हणून त्यांनी त्या पंचेचाळीसवर पळवल्या. बेस तडतडायला लागला, गाणारे बाप्ये बायकी आवाजात गायला लागले आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी ठेका धरला तो कायमचा. वाजवणारे स्वतः ऐकते तर कपाळावर हात मारते. पण कालीत कुणी तबकडी मूळ वेगावर लावून नाचायला गेला, तर लोक विचारतात, बरा आहेस ना?

त्या पळवलेल्या वेगावर ओब्रेरोत जिचा पाय सर्वांत जलद, ती ओफीर. तिला शिलाई मशीनच म्हणायचे. दर डिसेंबरात, मेळ्याच्या दिवसांत, या बैठकीतलं सामान हलवलं जाई, गल्ली आत शिरे आणि आल्देमार हीच तबकडी लावे. तो स्वतः कधी नाचला नाही. टर्नटेबलपाशी उभा राहून बघायचा. गेल्या डिसेंबरातही बासष्ट वर्षांची ओफीर संपूर्ण गाणं नाचली होती, विशीतल्या पोरी दमून बसल्या तरी.

लिबार्दोने वेगाचा खटका पंचेचाळीसवर नेला आणि सुई ठेवली.

पियानो सुरू झाला. नव्या पेटीतून एकेक पट्टी मोजून घ्यावी इतकी सुटी येत होती. फानोर चघळायचा थांबला. त्याने डोकं तिरपं केलं, मग डोळे बारीक केले.

"याला काय झालंय?" तो म्हणाला. "गाडं ओढल्यासारखं वाजतंय."

लिबार्दोला ते झोंबलं. फानोरने आणखी मीठ चोळलं, की आजारी माणूस गातोय असं वाटतं, बाबा रे, पेटी स्वच्छ असेल पण जीव नाही तिच्यात. ही तबकडी त्याच्याकडेही होती, कालच त्याने घरी लावली होती, आणि ती अशी वाजत नाही हे तो कुठल्याही पुस्तकावर हात ठेवून सांगायला तयार होता. लिबार्दो म्हणाला, प्रीअँप आवाज घाण करू शकतो, पातळ करू शकतो, पण कुठलाही प्रीअँप गाणं हळू करू शकत नाही. फानोर म्हणाला, मग जुन्यावर लाव. लावलं. तेही तसंच होतं, फक्त त्या कालवाकालवीत इतकं जाणवत नव्हतं.

"म्हणजे माझी पेटी नाही," लिबार्दो म्हणाला. त्याने अवजारांच्या पिशवीतून काळ्या रेघांची एक कागदी चकती काढली आणि तबकडीच्या जागी ठेवली. टर्नटेबलच्या वरचा ट्यूबलाइट दिवसाउजेडीच लावला. वेग बरोबर असेल, तर त्या उजेडात चकती फिरत असूनही रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. तिघेही वाकून बघू लागले. रेघा थांबल्या नव्हत्या. त्या सावकाश मागे सरकत होत्या.

"पंचेचाळीस नाहीये हे," लिबार्दो म्हणाला. "त्रेचाळीसला टेकलंय."

"पट्टा सैल झाला असेल."

"पट्टा सैल असला की सूर डगमगतो, सेन्योर फानोर. हा डगमगत नाहीये. अगदी एकसारखा मागे चाललाय."

फानोर खुर्चीत बसला. त्याच्या तोंडावरची चेष्टा गेली होती. हे यंत्र असं आज एका दिवसात झालेलं नाही, हे त्यालाही कळत होतं. म्हणजे आल्देमार हयात असताना ते असंच वाजत होतं, आणि आल्देमारला ते कळलं नव्हतं.

"गेले होते रे त्याचे कान," तो म्हणाला. "शेवटी शेवटी गेलेच होते. आणि आपण सगळे त्याचाच शब्द धरून चाललो." त्याने चष्मा काढून पुसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण ओफीर त्याला पन्नास वर्षं ओळखत होती. येत्या रविवारी पार्कात संग्राहक जमतील, फानोर असाच चष्मा पुसत ही गोष्ट सांगेल, सगळे हळहळतील, आणि त्यानंतर आल्देमारचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या कानांची कीव करतील. तिला राग यायला हवा होता. तो कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरात असल्यासारखा होता.

लिबार्दोने तोवर टर्नटेबलची जड थाळी उचलून बाजूला ठेवली होती. खाली धातूच्या पत्र्यात दोन भोकं होती आणि प्रत्येकात एक बारीक स्क्रू, एक तेहतीसचा वेग जुळवायला, दुसरा पंचेचाळीसचा. त्याने विजेरी मारली आणि बराच वेळ बघत राहिला.

"कान गेले नव्हते," तो म्हणाला. "हा तेहतीसचा बघा. कारखान्यातून आला तसाच आहे, लाखेसकट. हात फक्त पंचेचाळीसला लागलाय. आणि तोही एकदा नाही. प्रत्येक वेळी थोडा मागे घेतलाय आणि कुठवर घेतला त्याची खूण केली आहे. चार खुणा आहेत."

"खुणा कसल्या?"

"नेलपॉलिशच्या. आम्हीही तेच वापरतो, स्क्रू हलू नये म्हणून वर एक थेंब टाकतो. पण आमच्याकडे एकच बाटली असते. इथे दर वेळी वेगळा रंग आहे."

ओफीरने चष्मा लावला आणि वाकली.

पहिला ठिपका गर्द लाल होता. हा रंग तिने भाचीच्या लग्नासाठी घेतला होता. त्याच वर्षी पावलं टाकताना डाव्या गुडघ्यात पहिल्यांदा कळ आली होती. दुसरा पोवळ्याच्या रंगाचा. त्या वर्षी डॉक्टरने फोटो दाखवून सांगितलं होतं, की दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे, बाई, नाच बंद करा. तिने नाच बंद केला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. पाल्मिरा गावाला मावसबहिणीकडे जाते म्हणून सांगून ती इंजेक्शनं घ्यायला जायची. आल्देमार दारापर्यंत यायचा, बहिणीला सलाम सांग म्हणायचा. तिसरा ठिपका चंदेरी. चौथा नारिंगी, गेल्या डिसेंबरातला. ती बाटली घरात कुठे सापडेना म्हणून तिने शेजारच्या पोरीवर आळ घेतला होता.

इंजेक्शनं लागू पडताहेत, असं तिला वाटत आलं होतं. तीन वर्षं ती मनातल्या मनात त्या डॉक्टरला हसत आली होती.

"लिबार्दो," ती म्हणाली, "हा स्क्रू बरोबर कर. नक्की पंचेचाळीस कर आणि तबकडी लाव."

लिबार्दोने चकती बघत बघत स्क्रू फिरवला. रेघा मागे सरकायच्या थांबल्या आणि स्थिर झाल्या. त्याने तबकडी चढवली. ओफीर दारातून पुढे येऊन बैठकीच्या मधोमध उभी राहिली. फानोरने न सांगता पाय आखडून घेतले आणि तिला जागा करून दिली.

पियानो सुरू झाला तो पळतच. पहिली चार पावलं तिची बरोबर पडली. पायांना वाट पाठ होती. आठव्याला ती केसभर मागे होती. वळायच्या जागी गाणं पुढे निघून गेलं आणि तिचा पाय अजून हवेत होता. तिने सुटलेली पावलं गाळून पुन्हा ठेका धरला, पुन्हा सुटला. गुडघ्यात ओळखीची कळ आली. तिने टेबलाची कड धरली आणि राजम्याच्या परातीशेजारी खुर्चीवर बसली. गाणं तिच्यावाचून चाललं होतं. लिबार्दोने सुई उचलली.

कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी झालं, आणि ते दुखणंच होतं. चार वर्षं, दर डिसेंबरात, तो असा वाकून, तिच्या ड्रॉवरमधली बाटली उघडून, स्क्रू मागे घेत राहिला होता. ज्या गावात तबकडी हळू लावणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, त्या गावात, अख्ख्या गल्लीच्या कानांसमोर. कुणीतरी ओळखेल आणि आपल्या कानांची अब्रू जाईल, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. आणि तिला तो एक शब्द बोलला नाही.  

फानोर उठून तिच्यापाशी आला. पाणी आणू का, म्हणाला. डिसेंबरनंतर नाचली नाहीस, सवय मोडली, दोन दिवसांत पाय बसेल, म्हणाला. तिने हाताने त्याला थांबवलं.

"त्याचे कान धड होते, फानोर. गेले ते माझे गुडघे."

"काहीतरीच. गेल्या डिसेंबरात तर तू..."

"गेल्या डिसेंबरात त्याने चौथा ठिपका दिला. नारिंगी."

फानोर टर्नटेबलकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना दिसलं. तोही दर वर्षी याच बैठकीत होता, हातात पेला घेऊन, ठेका धरून टाळ्या वाजवत. त्याच्याही कानांना काही कळलं नव्हतं.

लिबार्दो हातात स्क्रूड्रायव्हर धरून उभा होता. खाली बघूनच त्याने विचारलं, "परत मागे घेऊ का, दोन्या ओफीर? होता तिथे?"

तिने तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला, तो तिने झग्याला पुसला.

"नको. बरोबर आहे तिथेच राहू दे. मी आता बसून ऐकणार आहे." मग ती फानोरकडे वळली. "आणि रविवारी पार्कात सांगायचं असेल तर हे सांग. शिलाई मशीन बंद पडलं म्हणून सांग. त्याच्या कानांबद्दल कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

फानोरने मान हलवली.  तो बाहेर जाऊन रिकाम्या खोक्यांवर गाडीचं मागचं दार लावून आला. लिबार्दोने जुना प्रीअँप टॉवेलात गुंडाळला, नवा टर्नटेबलशेजारी नीट सरकवला आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.